नाकातली नळी आणि आपण शेजारी
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेले भाषण)



पक्षाघाताचा किंवा डोक्याला मार लागलेला पेशंट दवाखान्यातून घरी आला की आपण भेटायला जातो. जावंच. पण नाकात नळी बघून कोणीतरी हळहळतं, "अहो, दोन चमचे गंगेचं तीर्थ तरी तोंडात घाला!" इथेच घात होतो. मेंदूला इजा झाली की गिळण्यावरचा ताबा जाऊ शकतो. मग तीर्थ पोटाऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे कळतही नाही. रामकुंडावरून आणलंत ना? कपाळाला लावा.

"नळी लागली म्हणजे संपलं" असंही म्हणतात. तसं नाही. आयसीयूत शक्य असेल तर पहिल्या 24 ते 48 तासांतच नळीने अन्न सुरू करतात, कारण उपाशी शरीर स्वतःचे स्नायू वापरायला लागतं. खोकायला, उठून बसायला तेच स्नायू लागतात. पुष्कळांचं गिळणं सुधारतं, नळी निघते.

मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग आठवतात? 1973 च्या हल्ल्यानंतर परिचारिकांनी त्यांना वर्षानुवर्षं मऊ केलेलं अन्न तोंडानेच भरवलं, कारण त्यांना गिळता येत होतं. सप्टेंबर 2010 मध्ये ताप आला, खाणं कमी झालं, तेव्हा नळी घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी तपासलं, तर अंगावर एकही बेडसोर नव्हता.

आता घरचं. भरवताना डोकं आणि पाठ 30 ते 45 अंश वर हवी, नंतरही तासभर आडवं करायचं नाही. नाकाजवळची नळीवरची खूण रोज बघा. सरकली असेल तर भरवणं थांबवा. अन्न गाळलेलं, कोमट. सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्या, दाबू नका. आधी आणि नंतर पाणी. नळी निघालीच तर स्वतः घालायला जाऊ नका, दवाखाना गाठा. आणि नुसतं नारळपाणी, मोसंबीचा रस, नागलीची पातळ पेज यावर माणूस रोडावतो, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. डाळ, दूध, चालत असेल तर अंडं, किती ते आहारतज्ज्ञांना विचारा. मधुमेह, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय काहीच नको.

भेटायला जाल तेव्हा फळं नेऊ नका. दुपारी दोन तास पेशंटजवळ बसा, घरच्या सुनेला जरा झोपू द्या.