मधे दहा घातला

मी कविता लिहिणारा माणूस. गणिताशी माझा संबंध वृत्ताच्या मात्रा मोजण्यापुरता. धाकटीला दहावीला गणितात कमी गुण पडले, तेव्हा पाहुण्यांसमोर मी हसत म्हणालो होतो, "आमच्या घराण्यात गणित नाहीच!" त्यानंतर तिनं माझ्यासमोर गणिताची वही उघडली नाही.

मध्यंतरी डोंबिवलीला कविसंमेलन होतं. ती सोबत आली. सीवूड्सच्या फलाटावर ठाण्याच्या गाडीची वाट पाहताना तिनं माझ्या निमंत्रणपत्रिकेमागे लिहिलं: १२३४५६७८९८७६५४३२१.

"अब्बा, ही मूळ संख्या असेल?"

मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंही पूर्ण भाग जात नाही ती. एवढं मला आठवत होतं. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि उतरायचं. इतकी रेखीव संख्या! म्हटलं, "हिला कोण तोडणार?"

"तीन. अंकांची बेरीज ८१ येते ना!"

नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला की हीच संख्या मिळते. ६१७४ या अंकासाठी प्रसिद्ध असलेले देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांना 'डेम्लो' नाव दिलं. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. कल्पना त्यांना तिथल्या स्टेशनावर सुचली. मला त्या स्टेशनावर आजवर गर्दीखेरीज काही सुचलेलं नाही.

मग तिनं मधे दहा घातला: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. मोठ्यानं म्हणून पाहा. आठ, नऊ, दहा, नऊ, आठ... कानाला जिना तसाच सुरेख. कागदावर मात्र तो लंगडतो, कारण उलट वाचताना दहाचा 'शून्य-एक' होतो. आणि ही लंगडी, वीस अंकी संख्या मूळ आहे!

मला पटेना. हातानं तपासायचं तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३५१ कोटींपर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं. त्या भरतात सोळा कोटींहून जास्त. मिनिटाला एक भागाकार धरला, तरी तीनशेहून अधिक वर्षं! अर्थात संगणक आहेतच. शिवाय २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी विभाजक न शोधताच, आटोक्यातल्या पायऱ्यांत, संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीनं सांगणारी रीत मांडली.

"हे सगळं कधी शिकलीस?"

"दहावीनंतर. तुम्ही घरी नसताना."

गाडी आली. मी काही बोललो नाही. खिडकीशी बसून पत्रिकेच्या उरलेल्या कोपऱ्यात भागाकार मांडला. सातानं भागून बाकी ५. अकरानं १. तेराला दोनदा चुकलो. तिनं हातचा दाखवला, बाकी ११ आली.

"अब्बा, आता सतरा," ती म्हणाली. तेवढ्यात ठाणं आलं.