परतणारा अग्निबाण कोणाचा?



१३ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतील टेक्सासच्या दक्षिण टोकाला, बोका चिका येथून, स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिपचे उड्डाण झाले. सुमारे ७१ मीटर उंचीचा त्याचा खालचा टप्पा सात मिनिटांत परतला आणि उड्डाणाच्या मनोऱ्यानेच त्याला आपल्या यांत्रिक बाहूंत झेलले. लोकांनी तो क्षण श्वास रोखून पाहिला. अभियंत्यांच्या व कामगारांच्या या पराक्रमाचे मुक्तकंठाने कौतुक केले पाहिजे. विज्ञानाच्या यशाकडे पाहून नाक मुरडणे समाजवाद्यांना शोभत नाही. परंतु टाळ्या थांबल्यावर दोन प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न लाभाचा. याच कंपनीच्या फाल्कन ९ चा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये प्रथम जमिनीवर सुखरूप उतरला. २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. खर्च घटला. तरीही २०२२ मध्ये उड्डाणाचा जाहीर दर ६.२ कोटी डॉलरवरून ६.७ कोटींवर नेण्यात आला. कारण दिले गेले महागाईचे. तुल्यबळ स्पर्धक नसला की बचत मालकाच्या पदरात राहते, हा मक्तेदारीचा जुनाच नियम. शिवाय ही कंपनी केवळ खाजगी साहसावर उभी राहिलेली नाही. २००८ साली ती आर्थिक संकटात असताना नासाने तिला १२ मालवाहू उड्डाणांसाठी १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले. त्यातून नासाचाही खर्च वाचला, हे खरे. पण जोखमीत सहभागी झालेल्या करदात्याला मालकीत वाटा मिळाला नाही.

दुसरा प्रश्न भूमीचा. टेक्सासचे समुद्रकिनारे १९५९ च्या कायद्याने सर्वांना खुले आहेत. २०१३ मध्ये विधिमंडळाने उड्डाणांसाठी ते बंद ठेवण्याची मुभा दिली. एप्रिल २०२३ च्या उड्डाणात तळाचे काँक्रीट फुटून दूरवर उडाले आणि पोर्ट इसाबेल गावावर धूळ पडली. मे २०२५ मध्ये तेथे ‘स्टारबेस’ हे स्वतंत्र शहर स्थापण्यास २१२ विरुद्ध ६ मतांनी मान्यता मिळाली. मतदारांत बहुसंख्य कंपनीचे कर्मचारी व त्यांचे आप्त होते. मालक आणि नगरपालिका एकरूप झाल्यावर कोळ्याने वा शेजाऱ्याने दाद कोणाकडे मागावी?

भारतानेही २०२० मध्ये अवकाशक्षेत्र खाजगी उद्योगांना खुले केले आहे. म्हणून सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक कराराचा जाहीर हिशेब, नफ्यात जनतेचा वाटा आणि किनाऱ्यावरील रहिवाशांची संमती, या तीन मागण्या कार्यकर्त्यांनी आजपासूनच लावून धरल्या पाहिजेत.