न दिसणाऱ्या धुराची तपासणी



 ट्रकच्या प्रदूषणावर पुण्यामुंबईत चर्चा होतच असतात. कायदा करणारे आणि इंजिन बनवणारे तिथे बोलतात. ट्रकमालक, चालक, मिस्त्री आणि पीयूसी केंद्रवाल्यांची ही परिषद भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला भरते आहे, याचं मला त्याहून जास्त मोल वाटतं. कारखान्यातून नवी गाडी बाहेर पडते ती सगळे कागद आणि सगळी यंत्रणा घेऊनच. पुढची पंधरा-वीस वर्षं ती हवेत काय सोडणार, हे मात्र तालुक्याच्या गॅरेजात, पंपावर आणि काट्याजवळच्या टपरीवर ठरतं. म्हणजे तुमच्या हातांत ठरतं.

आपल्या जिल्ह्याचं पोट ट्रकवर चालतं. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना भंगार ट्रकनं येतं आणि सळई ट्रकनं जाते. इथला कापूस, मका, सोयाबीन, मिरची, मोसंबी, बियाणं, सगळं चाकांवरच. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जिल्ह्यातून जाणाऱ्या जड वाहनांना नवी वाट मिळाली. पण केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकात बसत नाही अशांच्या यादीत जालना आहे. त्याचं सगळं खापर ट्रकवर फोडता येणार नाही. भट्ट्या आहेत, रस्त्यांची धूळ आहे, कचरा जाळणं आहे. तरी आपल्या वाट्याचं जे आहे, ते आपणच पाहायला हवं. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून 2012 मध्ये स्पष्ट केलं. त्या धुरात सर्वांत जास्त वेळ असतो तो चालक, क्लीनर आणि गॅरेजातला पोरगा. हा विषय आधी आपल्या फुप्फुसांचा आहे, मग सरकारचा.

मला आज एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्याकडची तपासणी डोळ्याला दिसणारा काळा धूर मोजते. नव्या गाड्यांवरचा कायदा मात्र बराचसा न दिसणाऱ्या धुरासाठी आहे. या दोहोंत जी फट आहे, त्या फटीतून प्रामाणिक मालकाचा पैसा जातो आणि यंत्रणा काढून टाकणाऱ्याचा वाचतो.

पीयूसीच्या वेळी डिझेल गाडीचं काय करतात, हे तुम्हाला माहीत आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, इंजिन चांगलं गरम झालेलं हवं, सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि पाय पूर्ण दाबून इंजिन गव्हर्नरच्या हद्दीपर्यंत पळवायचं. असं पुन्हा पुन्हा करून सरासरी काढायची. त्या धुरातून प्रकाश किती अडतो, त्यावरून आकडा येतो. बीएस-4 च्या आधीच्या गाड्यांना 65 हार्ट्रिज एककांपर्यंत सूट, बीएस-4 ला 50. नोझल गळका असेल, एअर फिल्टर तुंबलेला असेल, पंपाचं टायमिंग बिघडलं असेल, तर ही चाचणी ते पकडते. जुन्या गाडीसाठी ती आजही कामाची आहे. तिला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण या चाचणीत इंजिनावर भार नसतो. पंचवीस टन सळई घेऊन चढ चढणारं इंजिन वेगळं आणि न्यूट्रलमध्ये घुरघुरणारं वेगळं. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे मोजलीच जात नाहीत. सिलिंडरमधल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन ती तयार होतात. गॅरेजातला कुणी कितीही जाणता असला तरी नुसत्या नजरेनं ती किती आहेत हे त्याला सांगता येत नाही. उन्हात त्यांच्यापासून ओझोन बनतो, हवेत बारीक कण बनतात आणि दम्याच्या माणसाचा श्वास कोंडतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. जड वाहनांच्या इंजिनाला बीएस-4 मध्ये दर किलोवॉट-तासाला साडेतीन ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा होती. बीएस-6 मध्ये, बदलत्या भाराच्या चाचणीत, ती 0.46 ग्रॅमवर आली. आपल्या देशानं बीएस-5 ची पायरी गाळून थेट ही उडी घेतली. 24 ऑक्टोबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं 31 मार्च 2020 नंतर बीएस-4 गाड्यांची विक्री बंद ठरवली आणि 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 आलं. डिझेलमधलं गंधकही दशलक्ष भागांत 50 वरून 10 वर आणलं गेलं, कारण जास्त गंधकात ही नवी यंत्रणा टिकत नाही. कायदा कडक झाला, इंधन सुधारलं, गाडी महाग झाली. रस्त्यावरची तपासणी मात्र काळ्या धुरापाशीच थांबली.

साडेतीन ग्रॅम अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आणायचं काम मुख्यतः तुमच्या डीईएफच्या टाकीतून होतं. शुद्ध पाण्यात 32.5 टक्के युरिया, एवढंच ते द्रावण. गरम एक्झॉस्टमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि कॅटॅलिस्टवर तो नायट्रोजन ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. काजळी डीपीएफ फिल्टरमध्ये अडकते आणि तापमान वाढलं की तिथेच जळते. शेकडो किलोमीटर लांब पल्ला मारणाऱ्या गाडीत हे सगळं सुरळीत चालतं. खोळंबा होतो तो आपल्या भागातल्या गाड्यांचा. जिनिंगबाहेर रांगेत तासन्‌तास इंजिन चालू, मग दहा किलोमीटर, मग पुन्हा रांग. एक्झॉस्ट पुरेसा तापतच नाही. युरियाचे खडे जमतात, फिल्टर भरतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. दुर्लक्ष केलं तर आधी इंजिनाची ताकद कमी होते आणि शेवटी गाडी ताशी 20 किलोमीटरच्या पुढे जात नाही.

अशा वेळी हप्ता तोंडावर आलेला आणि माल गाडीत भरलेला असताना एका ट्रकचा मालक काय करेल? कुणीतरी त्याला सांगतं, की एक छोटं किट बसव, डीईएफ सगळं ठीक आहे असं ते गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं सांगत राहील. दिवा विझतो, डीईएफचा खर्च वाचतो, आणि पीयूसीला गाडी बिनधोक पास होते, कारण तिथे नायट्रोजन ऑक्साइडं कुणी बघतच नाही. ज्या यंत्रणेसाठी मालकानं गाडी घेताना जादा पैसे मोजले, ती मेलेली असते आणि प्रमाणपत्र जिवंत असतं. मला या मालकाचा राग येत नाही. मला राग आहे तो त्याला या कोपऱ्यात ढकलणाऱ्या व्यवस्थेचा, आणि किट विकून पोट भरणाऱ्यांचा.

फसवणूक फक्त शेवटच्या माणसाकडून होते, असं कुणी म्हणू नये. ऑक्टोबर 1998 मध्ये अमेरिकेत ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या सात मोठ्या कंपन्यांना सरकारशी तडजोड करावी लागली. त्यात कॅटरपिलर, कमिन्स, व्होल्वो अशी नावं होती. त्यांच्या इंजिनांतला कॉम्प्युटर चाचणीच्या टेबलावर नियमात वागत असे. हमरस्त्यावर एकसारख्या वेगानं गाडी चालू लागली की तो टायमिंग बदलून डिझेल वाचवी आणि नायट्रोजन ऑक्साइडं भरमसाट सोडी. त्या प्रकरणातून एक चांगली गोष्ट निघाली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात चालत्या ट्रकवर बसवून एक्झॉस्ट मोजणारी यंत्रं तयार झाली. पुढे याच विद्यापीठाच्या चमूनं रस्त्यावर मोटारी मोजल्या आणि 2015 साली फोक्सवॅगनचं असंच बिंग फुटलं. त्या चमूत आपल्या देशातून गेलेले अरविंद तिरुवेंगडम हे संशोधकही होते. आज त्याच जातीची यंत्रं आपल्या कायद्यात आहेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या बीएस-6 च्या दुसऱ्या टप्प्यात कंपन्यांना गाडी रस्त्यावरही नियमात वागते, हे दाखवावं लागतं. पुण्याची एआरएआय ही 1966 सालापासूनची संस्था आपल्याकडे अशा चाचण्या करते.

म्हणजे कंपनीला रस्त्यावरची कसोटी लागली. मग वापरातल्या गाडीची कसोटी मात्र जुनीच का? प्रत्येक बीएस-6 गाडीत ओबीडीचं सॉकेट आहे. गाडीचा कॉम्प्युटर कोणता दोष नोंदवतो आहे, डीईएफचा पंप चालतो का, कॅटॅलिस्टच्या पुढचा सेन्सर काय सांगतो, हे स्कॅनर लावला की मिळतं. पासिंगच्या वेळी आणि पीयूसीच्या वेळी हे वाचणं सक्तीचं करावं, अशी माझी ठाम मागणी आहे. त्यासाठी नव्या प्रयोगशाळेची गरज नाही. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीनं तर डिझेल गाडीचे बारीक कण मोजणारं उपकरण नियमित तपासणीत आणलं आहे, कारण फुटका डीपीएफ धुराच्या जुन्या मीटरला कळतच नाही. आपण निदान स्कॅनरपासून सुरुवात करू.

पीयूसी केंद्रवाल्यांशी मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. दिल्लीतल्या केंद्रांची तपासणी करताना कॅगला एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्याच्या नोंदी सापडल्या. नळी न घालता दिलेलं प्रमाणपत्र हा तुमच्या धंद्याचाच घात आहे. एक जण पाच मिनिटांत कागद देतो म्हटल्यावर वीस मिनिटं घालवून खरी चाचणी करणाऱ्याकडे कुणी फिरकत नाही. खरी चाचणी परवडेल एवढा तिचा दर असला पाहिजे, आणि ती मागणीही या परिषदेनं केली पाहिजे.

आता डीईएफविषयी, कारण इथे शेतकरीही बसले आहेत. शेतीच्या युरियाची 45 किलोची गोणी अनुदानामुळे 266 रुपये 50 पैशांना मिळते. हा स्वस्त युरिया पाण्यात विरघळवून डीईएफ म्हणून खपवण्याचा मोह होतो. त्यावर निंबोळीच्या तेलाचा थर असतो, त्यात क्षार आणि इतर घटक असतात. ते कॅटॅलिस्टवर बसतात आणि कॅटॅलिस्ट निकामी होतो. तो बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. पण माझ्या मते त्याहून मोठं नुकसान दुसरीकडे आहे. ऐन खरिपात मक्याला आणि कपाशीला युरिया मिळत नाही म्हणून दुकानासमोर रांग लागते, आणि त्याच गोणीतला युरिया ट्रकच्या टाकीत जातो. ट्रकवाल्याचा भाऊ त्या रांगेत उभा असतो. आपण हे चालू द्यायचं का?

चांगलं डीईएफसुद्धा उन्हात खराब होतं. 25 अंशांखाली ते दीड वर्ष टिकतं, 35 अंशांवर जेमतेम सहा महिने. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या ड्रमचं काय होत असेल, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. डीईएफ सावलीत ठेवा, बनवल्याची तारीख पाहा, उघडा डबा महिनोन्‌महिने वापरू नका. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं यंत्र दोन थेंबांत युरियाचं प्रमाण सांगतं. शुद्धता ते सांगत नाही, पण पाणी घातलेला माल लगेच पकडतं. इंजिन ऑइलही कमी राखेचं, कंपनीनं सांगितलेलंच घाला. स्वस्त ऑइलची राख डीपीएफमध्ये बसली की ती जळून जात नाही. बायोडिझेलच्या नावानं हमरस्त्यावर स्वस्त तेल मिळतं, त्याच्या वाटेलाही जाऊ नका.

मिस्त्री बंधूंनो, या सगळ्याचं ओझं तुमच्यावर आहे आणि तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. पंप आणि नोझल कानानं ओळखणारी माणसं या तालुक्यात आहेत, त्यांच्या हातांना मी मान देतो. पण एससीआर, म्हणजे डीईएफ आणि कॅटॅलिस्टची यंत्रणा, आणि डीपीएफ यांचं काम कंपनीच्या शोरूमपुरतंच राहिलं, तर हसनाबादच्या मालकाला जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गाडी नेऊन दोन दिवस घालवावे लागतात. म्हणून तो किट लावतो. दुरुस्ती गावात आणि परवडणाऱ्या दरात मिळाली, तर मोडतोड आपोआप कमी होईल, असं माझं ठाम मत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी कामावर असलेल्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचे वर्ग घ्यावेत, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती खुली करावी आणि स्कॅनर तालुक्यात सामायिक असावा.

जुन्या गाड्यांबद्दलही बोललं पाहिजे. महानगरांतून बाहेर पडलेल्या बीएस-3 गाड्या आपल्याकडे येतात. त्या उद्याच मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. त्यांवर घरं चालतात. ऑगस्ट 2021 मध्ये स्क्रॅपिंगचं धोरण आलं, पण एका गाडीच्या मालकाला मोडीची किंमत आणि नव्या गाडीचा हप्ता यांतलं अंतर पार करता येत नाही. त्याच्यासाठी व्याजात खरी सवलत हवी. तोवर या गाड्यांची नोझल आणि फिल्टरची सेवा वेळेवर व्हावी आणि त्यांवर क्षमतेबाहेर माल लादला जाऊ नये. ओव्हरलोड गाडीचा काळा लोट चालकाच्या चुकीनं निघत नाही, माल भरायला लावणाऱ्याच्या दबावानं निघतो. दंडाची पावती मात्र चालकाच्या हातात पडते. माल पाठवणाऱ्यालाही जबाबदार धरा, ही मागणी ठरावात घ्यावी.

दुपारच्या सत्रात मंडपाच्या मागे रिफ्रॅक्टोमीटर आणि स्कॅनर मांडून ठेवले आहेत. ज्यांनी बीएस-6 गाड्या सोबत आणल्या आहेत, त्यांनी टाकीतलं डीईएफ तपासून घ्यावं आणि सॉकेटला स्कॅनर लावून घ्यावा. कुणालाही दंड होणार नाही, कुणाचं नाव लिहिलं जाणार नाही. फक्त गाडीचं वर्ष, डीईएफचा आकडा आणि दोषाचा कोड एवढं वहीत नोंदवू. संध्याकाळी ठरावांबरोबर ती वही जालन्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे देऊ. आपल्या गाड्यांची खरी अवस्था आपणच मोजलेली असली, म्हणजे स्कॅनरच्या तपासणीची आणि दुरुस्तीच्या वर्गांची मागणी करताना आपल्याला पुरावा शोधावा लागणार नाही.