कुंडीतला पिटुनिया

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृती, भरतकाम, आरोग्य अशा विषयांवर जाणत्या बायका बोलून गेल्या आहेत. मी काही त्यांच्यासारखी तज्ज्ञ नव्हे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या चार हात गॅलरीत नऊ कुंड्या सांभाळणारी मी एक साधी गृहिणी. पण चिटणीसबाईंनी "तुमच्या त्या जांभळ्या फुलांवरच बोला" असा आग्रह धरला, आणि फुलांचे नाव काढल्यावर मला नाही म्हणवेना.

पिटुनिया मूळचा आपल्याकडचा नव्हे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत, ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे या भागात. तिकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत तंबाखूला 'पेटुन' म्हणत, त्यावरून हे नाव पडले. आणि खरोखरच हे झाड तंबाखूच्या कुळातले आहे. आपली वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा ही सारी त्याची भावंडे. रात्री सुवास देणारी एक पांढरी जात आणि दुसरी जांभळी जात यांचा संकर युरोपातल्या माळ्यांनी 1830 नंतर केला, आणि आजच्या रंगीबेरंगी बागेतल्या पिटुनियाचा वंश सुरू झाला.

या नात्यामुळे एक सूचना आधीच देते. तंबाखूच्या पानांवरचा एक विषाणुजन्य रोग वाळक्या तंबाखूतूनही याला लागतो. तेव्हा घरात कोणी तंबाखू मळत असेल, तर साबणाने हात धुतल्याशिवाय त्यांना कुंडीला हात लावू देऊ नका. आमच्या घरी या नियमामुळे थोडी कुरबुर झाली, पण रोपे वाचली!

आता माझी फजिती सांगते. 2015 साली मी प्रथम बी आणले. दिवस घटस्थापनेचे. घटात आपण धान्य पेरतो, वर माती पसरतो, पाणी शिंपडतो. तसेच मी या बियांचे केले. दसरा गेला, दिवाळी आली, कुंडीत हिरवा ठिपकासुद्धा नाही. मी बियांना आणि दुकानदाराला दोष देत बसले. चूक माझीच होती. हे बी मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक, एका ग्रॅमला सुमारे दहा हजार भरणारे. त्याला रुजायला उजेड लागतो. बोटभर मातीखाली ते गुदमरून गेले.

म्हणून रीत अशी. पाऊस सरत आला, की नवरात्राच्या सुमारास पसरट कुंडी घ्यावी. दोन भाग चाळलेली माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू. भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. बी चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून वर भुरभुरावे आणि तळहाताने नुसते दाबावे. वर माती घालू नये. झारीने पाणी घातले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवावी व वरची माती ओली दिसताच उचलावी. वर काच ठेवली तर ओल टिकते. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. दिसताच काच काढावी, नाहीतर कोंदट ओलीने रोपे बुडाशी काळी पडून एका रात्रीत माना टाकतात. चार-सहा पाने आली, की दहा इंची कुंडीत दोन किंवा तीन रोपे लावावीत. संक्रांतीच्या आगेमागे फुले येतात.

रोप चार बोटे वाढले, की त्याचा शेंडा खुडावा. पहिल्यांदा हात धजत नाही, पण खुडल्यावाचून फांद्या फुटत नाहीत. ऊन पाच-सहा तास हवे. पाणी बुडाशी घालावे, फुलांवर नको. आणि वरची माती सुकल्यावरच घालावे. सुकलेले फूल देठासकट काढावे, नाहीतर झाड बी धरण्यात गुंतते आणि फुले कमी होतात. पंधरा दिवसांनी भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचे पाणी, चहाइतके पातळ करून, पुरते. खत फार झाले की नुसती पाने माजतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. वरच्या मजल्यावर माई राहत असत. त्यांच्याकडे गडद शिरांचा एक जांभळा पिटुनिया होता. संध्याकाळी त्याला मंद वास येई. मी त्याचे बी धरून पेरले, तर फुले निघाली फिकी, कोणतीच आईसारखी नाहीत. माई हसून म्हणाल्या, "अगं, संकराचं झाड ते. बियांतून तसंच येत नाही. फांदी लाव."

त्यांनीच शिकवले. फूल नसलेली, तीन-चार इंचांची कोवळी फांदी डोळ्याखाली कापायची. खालची पाने काढायची. ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात.

माई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येत नसत. त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांनी ते सोडले होते, आणि खरे सांगायचे तर आम्हीही कधी नेटाने बोलावले नव्हते. 2017 च्या संक्रांतीला मी त्यांच्या झाडाच्या अकरा फांद्या रुजवून वाण म्हणून लुटल्या, आणि एक रोप घेऊन वर गेले. म्हटले, "माई, तुमचंच तुम्हाला." त्या बराच वेळ रोपाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं झाड खाली जाऊन आलं, मी मात्र नाही." मला काही उत्तर सुचले नाही. पुढच्या वर्षी बोलावू असे मनाशी ठरवले. पुढच्या संक्रांतीआधीच माई गेल्या.

त्यांचे झाड मी जिवापाड जपले. मार्चअखेर छाटून फक्त सकाळचे ऊन द्यायचे, जूनमध्ये नव्या फांद्या लावून छपराखाली ठेवायच्या. पण 2019 चा पावसाळा तुम्हाला आठवतो. सप्टेंबर संपला तरी पाऊस हटेना. एकेक करून माझ्या साऱ्या कुंड्या कुजल्या. माईंचे झाड माझ्या हातून गेले, म्हणून मी रडलेसुद्धा.

ऑक्टोबरात आपल्याच मंडळातली एक मैत्रीण दारात उभी. हातात चहाचा फुटका कप, कपात रोप. "वाणातलं आहे तुमच्या. माझ्याकडे पसरलंय नुसतं!"

भगिनींनो, जे मी जपले ते गेले आणि जे वाटले ते राहिले. आणखीही एक मनाला लागून राहिले आहे. जे बोलावणे पुढच्या वर्षावर टाकले, ते राहूनच गेले. म्हणून 2020 पासून आमच्या इमारतीत हळदीकुंकवाचे बोलावणे प्रत्येक घरी जाते. कोण सवाष्ण, कोण नाही, हे कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी दोघी आल्या, त्याही दाराशीच बसल्या. आता त्या तिळगूळ वाटायला पुढे असतात.

दाराजवळच्या टेबलावर चोवीस रोपे ठेवली आहेत. जाताना एकेक न्या. शेंडा खुडायला विसरू नका. आणि तुमचे झाड भरले, की त्याची एक फांदी शेजारी द्या.