मेंढरांची निगा आणि प्रदर्शनाचे मैदान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कुणी शिकलेल्या बाई येतात आणि आपल्याला चार शब्द सांगतात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण कसे करतात ते मला ठाऊक नाही. पण "तुमच्या मेंढ्यांविषयी सांगा" असे त्या म्हणाल्या, तेव्हा नाही म्हणवेना. लग्न होऊन जत तालुक्यात आले त्याला बावीस वर्षे झाली. घरात पाऊल टाकल्याच्या तिसऱ्या दिवसापासून हाताला लेंड्यांचा वास आहे, तो काही गेला नाही.

आमच्याकडची मेंढी म्हणजे माडग्याळ जातीची. माडग्याळ हे आमच्याच तालुक्यातले गाव, त्यावरून जातीला नाव पडले. काळी, आखूड पायांची, घोंगडीला लोकर देणारी दख्खनी मेंढी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. माडग्याळ तशी नाही. अंगाने उंच, रंग पांढरा आणि त्यावर तपकिरी ठिपके, कान लांब लोंबते, नर असला तरी शिंगे नाहीत, आणि नाक पोपटासारखे बाकदार. लोकर जवळजवळ नाहीच म्हणा. ही मेंढी मांसाची आणि वाढीची. दख्खनीपेक्षा हिचे कोकरू जन्मतःच थोराड असते.

आमची मेंढरे रानोमाळ फिरत नाहीत. सकाळी मामंजी माळावर नेतात, दुपारी आणतात, बाकीचे सगळे दावणीला. म्हणजे बाकीचे सगळे माझ्याकडे. पहाटे गव्हाण झाडायची, पाणी बदलायचे, लेंडीखत एका बाजूला ओढायचे. चाऱ्याला कडबा, शेवरी, बाभळीच्या शेंगा, पाणी असेल त्या वर्षी मेथीघास. दुष्काळाच्या वर्षी काय घालायचे ते विचारू नका. मिळेल ते घालायचे.

मेंढी पाच महिने गाभण राहते. आमच्याकडे पुष्कळशा कार्तिक-मार्गशीर्षात वितात. थंडीच्या त्या रात्री माझी झोप अशी नसतेच. कोकरू जमिनीवर पडले की नाकातोंडातला चिकटा पुसायचा, नाळेला आयोडीन लावायचे, आणि अर्ध्या तासाच्या आत आईचा चीक पाजायचा. पूर्वी आमच्याकडे वार पडल्याशिवाय चीक पाजत नसत. आत्याबाईंची हीच समजूत होती. पशुवैद्यांनी सांगितले, वार पडायची वाट बघू नका, चिकातच कोकराचे संरक्षण आहे. तेव्हापासून आमची कोकरे पुष्कळ कमी मरतात. आत्याबाईंनीही ते मानले, हे त्यांच्या मोठेपणाचे.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुष्कळजणी विचारतात. गाईला घालायची क्षारांची पुडी मेंढीला घालू नये. तिच्यात तांबे असते. गाईला ते चालते, पण मेंढीच्या शरीरात साठत जाते आणि एक दिवस चांगले धडधाकट जनावर जाते. मेंढीची पुडी वेगळी मिळते. दुसरी भीती आंत्रविषाराची. पहिल्या पावसाचे कोवळे गवत किंवा एकदम जास्त दाणा खाल्ला की संध्याकाळी उड्या मारणारे जनावर सकाळी ताठ झालेले सापडते. औषधाला वेळच मिळत नाही. पावसाळ्याआधी लस टोचून घेणे हाच उपाय. प्रदर्शनासाठी किंवा बाजारासाठी मेंढा तयार करणारी माणसे तर हौसेने मका आणि पेंड ओतत असतात. त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता आमच्या राजाची हकीकत सांगते.

२०२२ च्या डिसेंबरात आमच्या चंद्रीला नर झाला. जन्मतःच साडेचार किलो. सहाव्या दिवशी चंद्री गेली. डॉक्टर येईपर्यंत संपली होती. दुसरी मेंढी त्याला जवळ घेईना. मेंढी आपले कोकरू वासावरून ओळखते, परक्याला ढुशी मारते. दुसरीचे दूध त्याच्या अंगाला चोळून पाहिले, पण ती फसली नाही. मग शेळीचे दूध, बाटली आणि मी. दिवसातून पाच वेळा. माझ्या मुलीची तेव्हा दहावीची परीक्षा जवळ आली होती. ती एका हातात पुस्तक आणि एका हातात बाटली धरून बसायची. तोच हा राजा. वर्षाचा झाला तेव्हा काट्यावर ५४ किलो भरला. नाक असे बाकदार, की रस्त्याने जाणारी माणसे मोटारसायकल थांबवून बघत.

आमच्या ह्यांच्या मनात आले, याला प्रदर्शनात न्यावे. मग दीड महिना माझे काम वाढले. दोरीला धरून चालायचे, थांबायचे, चारी पाय नीट टेकून उभे राहायचे, अनोळखी माणसाने तोंड उघडले तर बिथरायचे नाही, हे सगळे रोज संध्याकाळी शिकवावे लागते. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी उन्हात न्हाऊ घालायचे. आदल्या दिवशी घातले तर थंडी बाधते. खूर तासायचे. तेल चोळून चमकवायची काही माणसांची रीत आहे, ती मला पसंत नाही. धूळ बसते आणि जनावर मळकट दिसते.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही गेलो. टेबलावर मालकाचे नाव म्हणून ह्यांचे नाव लिहिले गेले, त्यात नवल काही नाही. परंतु मैदानात बोलावल्यावर राजा ह्यांच्या हाताने एक पाऊल चालेना. दोरी ओढली तशी चक्क खाली बसला. लोक हसू लागले. तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, ये की!" दोन-तीनशे पुरुषमाणसांचा घोळका, आत एकही बाई नाही. मी पदर खोचला आणि गेले. मी हाक मारताच तो उठला आणि सबंध फेरी माझ्याबरोबर चालला. परीक्षक डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले, पाठ दाबून पाहिली, मागचे पाय सरळ आहेत का ते पाहिले, आणि नराचे जे पाहावयाचे तेही हाताने चाचपून पाहिले. त्यात लाजण्यासारखे काही नाही, भगिनींनो. सगळ्या कळपाचे पुढचे त्यावरच असते. "दूध कुणाचे पाजले?" असे त्यांनी मलाच विचारले. दुसरा नंबर आला. पहिला आला तो मेंढा खरोखरच उजवा होता, मागच्या अंगाने भरलेला.

त्याच दिवशी एक लाख साठ हजारांची मागणी आली. कुणाच्याच मनात विकायचे नव्हते. २०२० सालच्या अखेरीस आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती, ती तुम्हीही वाचली असेल. तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्या त्याच्या दावणीला लाखाची स्वप्ने बांधलेली आहेत. हे म्हणाले, कार्तिकी यात्रेला आटपाडीला नेऊ, पाच लाख येतील.

मी काही बोलले नाही, पण मोजत होते. राजाची कोकरे फाल्गुनापासून झाली होती. त्यांत अकरा माद्या. दिवाळीपर्यंत त्या वयात येणार, आणि बाप त्याच कळपात. बापाला लेकीवर सोडले की पुढची पिढी खुजी होते, अधू निघते. म्हणून दोन वर्षांनी नर बदलावाच लागतो. शिवाय थोरल्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. फी, वसतिगृह, गणवेश धरून नव्वद हजार. आणि शेजारच्या वस्तीवरचा एक मेंढा त्याच पावसाळ्यात आंत्रविषाराने एका रात्रीत गेला होता.

ऑक्टोबरात विजापूरकडचे एक गिऱ्हाईक हेड्याला घेऊन घरी आले. तुम्ही बाजारात पाहिले असेल, हेडे रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव करतात. बाहेरच्याला काही कळत नाही. मी चहा घेऊन उभी. हे मान हलवतात, ते पुन्हा रुमाल टाकतात. मला राहवेना. सीमेवरचे गाव आमचे, कानडी मला येते. मी सरळ विचारले, "एष्टु?" म्हणजे किती. गिऱ्हाईक हसले आणि रुमाल काढून मोठ्याने म्हणाले, दोन लाख दहा हजार.

ह्यांचे तोंड उतरले. कार्तिकीला थोडेच दिवस उरले होते. मी म्हटले, पोरीची फी कार्तिकीपर्यंत थांबणार नाही, आणि या अकरा माद्यांचे काय करायचे ते आत्ता सांगा. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी ओट्यावरून आत्याबाई म्हणाल्या, "लेक आधी, मेंढा मागनं." सौदा झाला. टेम्पोत राजा चढेना, तेव्हा मलाच चढवावे लागले. ते सांगत नाही.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. नवा नर आम्ही लांबच्या गावातून अडतीस हजारांना आणला. घेताना मी त्याचे नाक नंतर पाहिले, आधी त्याच्या आईची कास पाहिली. नाकाला भाव हौसेचा. कोकरू वाढते ते दुधावर. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीचा गुण आणून जुळी देणारी मेंढी तयार केली आहे. ती चांगलीच, पण दोन पाजायला दूध आणि आईला चारा हवा, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

ज्या भगिनींना बचत गटाच्या कर्जातून सुरुवात करायची आहे, त्यांनी नर घेऊ नये. दोन-तीन दोनदाती किंवा चारदाती मेंढ्या घ्याव्यात आणि गाभण घालायला शेजाऱ्याचा नर आणावा. आधी प्रत्यक्ष बघायचे असेल तर दिवाळीनंतर आमच्या वस्तीवर या. तेव्हा कोकरे असतात. येताना जुने कपडे घाला.