पदवीचा उंबरठा आणि अनुभवाची किंमत



सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात पदवी मोठी की अनुभव मोठा, हा प्रश्न आता केवळ पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. तो तालुक्याच्या गावीही विचारला जातो. कर्ज काढून मुलाला अभियांत्रिकीला घालावे, की बारावीनंतर त्याने थेट कामाला लागून शिकावे? ज्या बापापुढे हा पेच आहे, त्याच्या दृष्टीने हा वक्तृत्व स्पर्धेचा विषय नाही. तो चार वर्षांचा आणि काही लाख रुपयांचा हिशेब आहे. म्हणून त्याचे उत्तर घोषणेने देऊन चालणार नाही.

आधी या व्यवसायाचा इतिहास पाहावा. १९४०च्या दशकात अमेरिकेत एनिॲक या संगणकाचे प्रोग्रॅम ज्या सहा स्त्रियांनी रचले, त्यांना ते शिकवणारी कोणतीही पदवी जगात नव्हती. यंत्राच्या रचनेच्या आकृत्या वाचून त्या शिकल्या. म्हणजे या धंद्यात अनुभव आधी जन्मला. पदवी मागाहून आली.

मागाहून आलेली ही पदवी उंबरठा कशी झाली? महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. देणगीचा बाजार असा फोफावला की त्याला बंदी घालण्यासाठी १९८७ सालचा कायदा करावा लागला. पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांची भरती वाढली आणि महाविद्यालयांना गिऱ्हाईक मिळाले. पण कंपन्यांना पदवीतील ज्ञान हवे होते काय? तसे असते, तर स्थापत्य आणि यांत्रिकी शाखेच्या पदवीधरांना घेऊन, काही महिने स्वतःच प्रशिक्षण देऊन, त्यांना प्रोग्रॅमर करण्याची प्रथा पडलीच नसती. पदवी ही चाळणी होती. दहावी, बारावी आणि पदवीला सलग साठ टक्के आणि शिक्षणात खंड नको, ही अट ज्ञान मोजत नाही. वडील आजारी पडले म्हणून एक वर्ष घरी राहिलेल्या मुलाला ती बाहेर ठेवते.

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाच्या नियमांनी तर अनुभवाचा दरच ठरवून दिला आहे. तेथे कामाची तीन वर्षे म्हणजे महाविद्यालयाचे एक वर्ष. चार वर्षांच्या पदवीऐवजी अनुभव दाखवायचा, तर बारा वर्षे राबावे लागते.

आता उलट वारे वाहत आहेत. पदवी नको, कौशल्य दाखवा, असे उद्योगपती सांगू लागले आहेत. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी नोकऱ्यांवरील चार वर्षांच्या पदवीची अट काढली. आपल्याकडे झोहो कंपनी २००४ पासून बारावी आणि पदविका झालेल्या मुलांना स्वतःच्या शाळेत विद्यावेतन देऊन घडवते. हे प्रयोग स्वागतार्ह आहेत. पण हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतील पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा अशा बदलाचा प्रत्यक्ष लाभ सातशे नेमणुकांमागे एकीलाही पोहोचला नसल्याचे आढळले. जाहिरात बदलली, दार तेवढेच अरुंद राहिले.

शिवाय अनुभवही फुकट मिळत नाही. बिल गेट्स यांनी १९७५ मध्ये हार्वर्ड सोडले, हे उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. पण १९६८ साली, शाळकरी वयात, त्यांना संगणकाशी जोडलेले टर्मिनल शाळेतच उपलब्ध होते, हे क्वचितच सांगितले जाते. ज्याच्या घरी संगणक आहे, ओळखीचा मामा कंपनीत आहे आणि सहा महिने बिनपगारी उमेदवारी करण्याची ऐपत आहे, त्यालाच पदवीशिवाय अनुभव गाठता येतो. दलित वस्तीतील वा दुष्काळी गावातील मुलीला राखीव जागा महाविद्यालयात प्रवेश देते. खाजगी कंपनीतील उमेदवारीत देत नाही. तिच्या हातातील पदवी हा असा शिक्का आहे, की तिचे आडनाव पाहून तो कोणाला पुसता येत नाही. म्हणून पदवी मोडीत काढा, ही घोषणा वरून क्रांतिकारक दिसली, तरी तिचा फायदा आधीच पुढे असलेल्यांनाच होण्याचा धोका आहे.

आणि अनुभवाची तरी मालकी कोणाची? जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरिष्ठ श्रेणीतील लोक होते. वर्षानुवर्षांचा अनुभव कंपनीच्या हिशेबात एकाएकी महाग ठरला. पदवी निदान कामगाराच्या नावावर राहते; अनुभवाची साक्ष मात्र मालकाच्या पत्रावर अवलंबून असते.

तेव्हा खरा प्रश्न पदवी की अनुभव हा नसून, कामातून मिळवलेल्या ज्ञानावर सार्वजनिक मोहर कोणी उमटवायची, हा आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९९० मध्ये सुरू केलेल्या डोएक परीक्षांत हे बीज होते. ठरावीक अनुभव असलेल्याला संस्थेची फी न भरता थेट परीक्षेला बसता येई. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही कामाच्या अनुभवाला श्रेयांक देण्याची तरतूद आहे. ती कागदावर राहू नये. अनुभवी माणसासाठी स्वस्त, मराठीतूनही देता येणारी खुली परीक्षा, सार्वजनिक उद्योगांच्या भरतीत तिला मान्यता, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह जागा, आणि सलग टक्क्यांची व खंडाची अट रद्द करणे, या मागण्या आज करता येण्याजोग्या आहेत.

त्या मान्य होईपर्यंत त्या बापाला काय सांगावे? कार्यकर्त्याने खरे तेच सांगावे. पहिली नोकरी मिळवताना आज पदवी लागते. पाच-सात वर्षांनंतर मुख्यतः काम पाहिले जाते. म्हणून पदवी घ्यावी, पण ती शासकीय वा अनुदानित महाविद्यालयातून किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, परवडेल अशी घ्यावी आणि पहिल्या वर्षापासून हाताने काम शिकावे. नाव मोठे नि फी त्याहून मोठी, अशा महाविद्यालयासाठी शेत गहाण टाकू नये. शेत एकदा गेले, की ते कोणत्याही पदवीने परत येत नाही आणि कोणत्याही अनुभवाने त्याची भरपाई होत नाही.