ससे आणि विहिरीचे पाणी

सशाचा जीव तो केवढा! पण दोन किलोचा ससा दिवसाकाठी पाव लिटरच्या आसपास पाणी पितो, आणि पिलांना पाजणारी मादी त्याहून बरेच जास्त. म्हणून ससे पाळणाऱ्याने चाऱ्याइतकीच पाण्याचीही चौकशी करावी. आज पाण्यातल्या नायट्रेटविषयी दोन शब्द सांगतो.

हे नायट्रेट येते कोठून? विहिरीजवळचा उकिरडा, गोठ्यातले मूत, संडासाचा खड्डा आणि पिकाने न उचललेला युरिया यांतून. पावसाबरोबर ते जमिनीत झिरपते व विहिरीला मिळते. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी नितळ दिसते आणि तिथेच आपण फसतो.

नायट्रेट स्वतः फारसे छळत नाही. जंतूंनी त्याचे नायट्राइट केले, की ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. रक्त काळपट तपकिरी होते. ससा मलूल पडतो, धापा टाकतो. पांढऱ्या सशाचे ओठ आणि कान निळसर दिसू लागतात. अशा वेळी पाणी ताबडतोब बदलावे व पशुवैद्यांना बोलवावे.

आता कोणी म्हणेल, "अहो, आमचे ससे कितीतरी दिवस हेच पाणी पितात, त्यांना काहीसुद्धा झाले नाही!" खरेही असेल. गाई-म्हशींच्या पोटात जंतूंचे कोठार आरंभीच असते. सशाचे असते आतड्याच्या शेवटाकडे. तेथे पोचण्याआधीच बरेचसे नायट्रेट रक्तात शोषले जाऊन लघवीवाटे निघून जाते. म्हणून ससा गाईपेक्षा अधिक सोसतो. पण सशाने सोसले, म्हणून ते पाणी घरातल्या तान्ह्या बाळाला चालेल, असे मुळीच समजू नका.

1945 साली अमेरिकेतील आयोवा प्रांतात डॉ. हंटर कॉमली यांनी शेतावरची निळी पडलेली तान्ही बाळे पाहिली. त्यांच्या वरच्या दुधात विहिरीचे पाणी मिसळले जात होते आणि त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हा धोका सर्वांत मोठा.

मग करावे काय? पाणी उकळू नये का? जंतूंसाठी जरूर उकळावे. पण नायट्रेट त्याने जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तुरटीनेही ते जात नाही. त्याला तपासणी हाच मार्ग. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना प्रयोगशाळेत पाठवा. प्रमाण जास्त निघाले, तर बाळासाठी दुसरे पाणी आणा, उकिरडा विहिरीपासून दूर हलवा आणि युरिया एकदम न टाकता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्याहप्त्याने द्या.

गुरुजनांना एक विनंती. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या. त्यात विहिरी, उकिरडे आणि संडास दाखवायला सांगा. कोणत्या विहिरीचे पाणी आधी तपासायचे, ते मुलेच तुम्हांला सांगतील.